रविवारची वही

रत्नागिरीत माळनाक्याजवळ एका माडीवर एक मास्तर गाणं शिकवत. रविवारी मात्र पेटीवर कापड असे आणि मुलांपुढे वही. विसार किती घ्यायचा, जाण्यायेण्याचं भाडं कोणाकडे, साथीदारांना काय द्यायचं, सगळं लिहून काढायचं. गाण्याच्या क्लासात वाण्याचा धडा म्हणून लोक हसत.

एका मुलाचा गळा फार गोड. त्याला रविवार आवडत नसे.

गणपतीत पावसच्या बाजूला एका वाडीत त्याला बोलावणं आलं. तो मध्यरात्रीपर्यंत गायला. शाल मिळाली, नारळ मिळाला. एसटी केव्हाच गेली होती. रिक्षाचे पैसे तबलजीने दिले.

रविवारी मास्तर म्हणाले, "लिही." मुलाने लिहिलं. जमा : शाल एक, नारळ एक.

"तबलजीला काय मिळालं?"

"अर्धा नारळ," मुलगा हसला.

मास्तर हसले नाहीत. "तुझं गाणं तू दान केलंस. त्याची रात्र कोणी दान केली?"

"मग विद्या विकायची का, गुरुजी?"

मास्तरांनी विष्णु दिगंबर पलुस्करांची गोष्ट काढली. "राजाश्रय सोडून त्यांनी तिकीट लावून गाणं केलं. 5 मे 1901 ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही लोकांच्या पैशावर. पुस्तकं छापली. पुढे मुंबईत कर्ज काढून इमारत उभारली आणि ती कर्जापायी लिलावात गेली. आकडा त्यांनाही सुटला नाही रे. आपण कोण?"

पुढच्या वर्षी त्याच वाडीतून फोन आला. मुलाने तबलजी आणि भाडं धरून रक्कम सांगितली, अर्धा विसार मागितला. रेकॉर्डिंगमधून कमाई होणार असेल तर गाणाऱ्यांचा वाटा द्यावा लागेल, 2012 पासून कायद्यातच तसं आहे, हेही चाचरत सांगितलं. पलीकडचा माणूस "कळवतो" म्हणाला. कळवलं नाही. मुलगा चार दिवस मास्तरांवर रुसून होता. मग दुसऱ्या वाडीचं बोलावणं आलं. वाडीवाल्यांनी घासाघीस केली, रक्कम थोडी उतरली, पण विसार हातात पडला.

फुकट गाणाऱ्याचं मन मोठं, असं आपण कौतुकाने म्हणतो. त्या मोठ्या मनाचं भाडं बहुतेक वेळा शेजारी बसलेला तबलजी भरतो.

त्या दुसऱ्या वाडीत गाणं संपल्यावर मुलाने पहिलं पाकीट तबलजीला दिलं. त्यात गेल्या वर्षीच्या रिक्षाचे पैसेही होते. वहीत तशी नोंद आहे.