जुना खेळ आणि नवें यंत्र

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक क्षुल्लक प्रसंग घडला. आमच्या चिरंजीवांनीं पहिल्या पगारांतून नवा लॅपटॉप घेतला होता, आणि कपाटाची आवराआवर करतांना त्यांस आमच्या तरुणपणची एक तबकडी सांपडली. तिच्यावर मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ होता. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, नव्यानेंच अध्यापक झालों असतां, कॉलेजांतील संगणकाच्या खोलीचें दार सायंकाळीं लोटून घेऊन आम्ही व आमचे एक सहकारी तो खेळत असूं. विद्यार्थ्यांना हें ठाऊक नव्हतें अशी आमची आजवर समजूत आहे. नव्या यंत्रावर तो खेळ प्रथम चालेचना. बरीच खटपट केल्यावर चालला, पण असा कीं, बोट कळीवर टेंकण्यापूर्वींच मोटार रस्ता सोडून कुंपणांत शिरे. आणखी कांहीं फेरफार केल्यावर ती कुंपणांत शिरेनाशी झाली, पण गचके देत, थबकत, जणूं आजारी असल्यासारखी चालूं लागली. "बाबा, हा गेमच मुळांत भिकार लिहिलेला आहे," असा चिरंजीवांनीं निकाल दिला. योगायोगानें तेच सहकारी फराळास आलेले होते. त्यांनीं चष्मा कपाळावर चढवून नेमका उलट निकाल दिला: "अरे, खेळ उत्तम आहे. तुझें हें यंत्रच फसवें निघालें. दुकानदाराला परत कर."

या दोन निकालांपैकीं एकही आम्हांस पटला नाहीं, आणि कां पटला नाहीं याचा विचार पुढें कित्येक दिवस मनांतून जाईना. ज्या वस्तूनें एके काळीं आपलें काम चोख केलें, तीच वस्तु आज वाईट ठरते, तेव्हां दोष कोणाच्या पदरीं घालावयाचा? इतर वस्तूंच्या बाबतींत उत्तर सोपें असतें. लांकूड किडतें, लोखंड गंजतें, कागद पिवळा पडतो. वस्तूच पालटली, असें म्हणून आपण मोकळे होतों. संगणकाच्या लेखाचें तसें नाहीं. त्याची नक्कल नीट उतरली असली तर तीस वर्षांत त्यांतील एक अंकही हलत नाहीं. वस्तु तीच, आणि तरीही ती बिघडलेली! नीतिशास्त्राच्या तासाला देण्यास याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस आजवर मिळालें नव्हतें.

मोटार कुंपणांत कां शिरली, तें आधीं सांगितलें पाहिजे. सन १९८१ मध्यें आय. बी. एम. कंपनीनें जो घरगुती संगणक बाजारांत आणला, त्यांतील इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर सेकंदास सुमारें ४७ लाख ७० हजार ठोक्यांच्या तालावर चाले. त्या काळच्या पुष्कळ खेळकर्त्यांनीं वेळ मोजण्याची एक सोपी युक्ति केली. मोटार एक पाऊल पुढें सरकवावयाची, मग प्रोसेसरला कांहीं हजार निरर्थक फेऱ्या मारावयास लावावयाच्या, आणि मग पुढचें पाऊल. आमच्या कोंकणांत वाट विचारली तर "हाकेच्या अंतरावर आहे" असें सांगत. ही त्याच जातीची मोजणी होय. हांक मारणाराचा गळा जोंवर तोच आहे, तोंवर ती अचूक असते. गळा दहापट मोठा झाला कीं गांवच्या सगळ्या वाटा चुकतात. पुढें जलद प्रोसेसर येतांच हे खेळ धांवत सुटले, आणि म्हणून कित्येक संगणकांवर 'टर्बो' नांवाचें एक बटण बसविण्यांत येऊं लागलें. नांव वेगाचें, पण जुन्या खेळासाठीं यंत्राचा वेग कमी करणें हाच त्याचा खरा उपयोग! आजचा लॅपटॉप सेकंदास तीन-चार अब्ज ठोके सहज देतो, आणि त्याला तें बटण नाहीं.

कांहीं लेखक याहून सावध होते. यंत्र किती जलद आहे तें आधीं मोजून घ्यावें, मग त्या मानानें थांबावें, अशी तजवीज टर्बो पास्कल या भाषेबरोबर येणाऱ्या एका साधनांतच केलेली होती. घड्याळाच्या एका ठोक्यांत, म्हणजे सेकंदाच्या सुमारें ५५ सहस्रांशांत, आपल्या किती फेऱ्या होतात तें मोजावयाचें आणि त्या संख्येस ५५ नें भागावयाचें. भागाकार ठेवण्याचा कप्पा लहान होता. त्यांत ६५,५३५ हून मोठी संख्या मावत नसे. दोनशें मेगाहर्ट्झच्या पलीकडचीं यंत्रें आलीं तेव्हां भागाकार त्या कप्प्यांत मावेना, आणि असे कार्यक्रम सुरू होतांहोतांच मरूं लागले. मरतांना ते पडद्यावर कारण लिहून जात, तें असें: शून्यानें भागाकार. वास्तविक शून्यानें कोणींच कशास भागलें नव्हतें. उत्तर मोठें झालें, एवढाच काय तो अपराध. मृत्यूच्या दाखल्यावर भलत्याच रोगाचें नांव पडावें, त्यांतला हा प्रकार झाला.

आतां गचक्यांविषयीं. नव्या प्रोसेसरांत चार, आठ किंवा त्याहून अधिक गाभे असतात व काम त्यांत वांटून घेणें हें त्यांचें बळ. पण जुन्या खेळास एकच गाभा ठाऊक, बाकीचे रिकामे बसून राहतात. शिवाय लॅपटॉप हा विजेच्या बाबतींत मोठा कृपण आहे. काम थोडें दिसलें कीं तो आपला वेग उतरवून अर्धवट झोंप घेतो, आणि जुना खेळ मागतो इतकें थोडें कीं कित्येकदां त्याची झोंपच उडत नाहीं. ज्यांत चित्रें काढणारे दोन भाग असतात, एक साधा व एक बलाढ्य, त्यांत जुना खेळ पुष्कळदां साध्याच्याच हातीं सोंपविला जातो, कारण दुसऱ्यास हांक कशी मारावी हें त्या खेळास कोणीं शिकविलेलेंच नसतें. आणि रंगांची गंमत तर आणखीच निराळी. सन १९९९ च्या 'एज ऑफ एम्पायर्स २' या खेळाजवळ २५६ रंगांचा एकच डबा होता. विंडोज ७ च्या काळांत त्या डब्यांतील कांहीं घरें पडद्यामागील दुसरा कार्यक्रम परस्पर बळकावीत असे, आणि मग हिरवें गवत जांभळें दिसूं लागे. उपाय काय, तर पडद्यामागचा तो कार्यक्रम बंद करावयाचा. खेळास कोणीं हातही लावला नव्हता.

आमच्या नैयायिकांनीं कारणाचा विचार करतांना एकट्या कारणावर न थांबतां 'सामग्री' हा शब्द योजिला. घट नुसत्या मातीपासून होत नाहीं. चाक, दंड, कुंभार, पाणी हें सगळें जुळून यावें लागतें, तेव्हां घट होतो. खेळ म्हणून आपण ज्यास नांव देतों तो वस्तुतः अर्धाच खेळ असतो. उरलेला अर्धा त्या काळच्या यंत्रांत असतो, आणि तो कोणीं लिहून ठेवलेला नसतो. याचें सर्वांत सुंदर उदाहरण जपानांतील आहे. तोमोहिरो निशिकादो यांनीं सन १९७८ मध्यें 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ रचला. आकाशांतून उतरणाऱ्या शत्रूंची फौज त्यांचें यंत्र मोठ्या कष्टानें काढीत असे. शत्रु मरत गेले कीं यंत्राचा भार हलका होई आणि उरलेले अधिकाधिक जलद धांवत. यंत्राचें हें दौर्बल्य निशिकादोंनीं पाहिलें आणि तसेंच राहूं दिलें. शेवटचा शत्रु टिपतांना छाती धडधडते, ती धडधड त्या दुबळ्या यंत्रानें दिलेली आहे. सशक्त यंत्रावर तो परिणाम हवा असेल तर तो आतां मुद्दाम लिहावा लागतो. यंत्र सुधारलें म्हणून खेळ सुधारला, असें येथें म्हणतां येईल काय?

म्हणून "खेळ भिकार आहे" हें चिरंजीवांचें म्हणणें आम्ही अमान्य करतों. पण सर्वस्वीं नव्हे. घड्याळ यंत्रांत असतांना स्वतःचीं पावलें मोजणारा लेखक कांहीं अंशीं आळशीच म्हटला पाहिजे. त्याच काळांत घड्याळाकडे पाहून चालणारे खेळही लिहिले गेलेच होते. सहकाऱ्यांचें म्हणणें मात्र आम्हांस अधिक चुकीचें वाटतें. नव्या यंत्रानें कोणतेंही वचन मोडलेलें नाहीं. त्यानें तें दिलेंच नव्हतें.

तें द्यावयास हवें होतें काय, हा खरा प्रश्न होय. जोएल स्पॉल्स्की यांनीं सन २००० मध्यें सांगितलेली एक हकीकत या संबंधांत प्रसिद्ध आहे. 'सिमसिटी' या खेळांत एक चूक होती: स्मरणांतील जी जागा त्यानें सोडून दिली, तिच्यांतच तो लगेच पुन्हां डोकावीत असे. घर सोडलेल्या भाडेकऱ्यानें दुसऱ्या दिवशीं येऊन फडताळ उघडावें, तसें. जुन्या विंडोजमध्यें ती जागा तेवढ्यांत दुसऱ्यास मिळत नसे, म्हणून चूक झांकून राहिली. विंडोज ९५ मध्यें ती उघडी पडली असती. तेव्हां मायक्रोसॉफ्टच्या लोकांनीं विंडोजमध्येंच अशी योजना केली कीं, सिमसिटी चालू आहे असें दिसतांच सोडलेली जागा लगेच दुसऱ्यास देऊं नये. चूक दुसऱ्याची, ओझें आपल्या शिरावर. आणि ज्याच्यासाठीं तें उचललें त्या खेळणाऱ्यास त्याचा पत्ताही नाहीं. यांत व्यापारी धोरण होतें हें उघड आहे, तरीही आम्हांस त्यांत सौजन्याचा अंश दिसतो.

पण असें ओझें किती काळ वाहावें? 'सेफडिस्क' नांवाचें एक कुलूप पुष्कळ खेळांच्या तबकड्यांवर असे, चोरून नक्कल होऊं नये म्हणून. त्या कुलपाचा पहारेकरी यंत्राच्या अगदीं गाभाऱ्यांत बसलेला असे, आणि पुढें असें आढळलें कीं त्याच्याच पाठीमागून चोरांना शिरतां येतें. सन २०१५ मध्यें विंडोज १० नें त्यास आंत घेतलें नाहीं, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत जुन्या विंडोजमधूनही त्यास रजा देण्यांत आली. परिणाम असा कीं, पैसे मोजून अस्सल तबकडी घेतलेला गृहस्थ दाराबाहेर राहिला, आणि ज्यानें कुलूप फोडलेली प्रत ठेवली होती तो निर्वेध खेळत राहिला. न्यायाची ही थट्टा आहे, तरी पहारेकऱ्यास आंत ठेवावयास हवें होतें असें आम्ही म्हणूं शकत नाहीं. विंडोज ११ तर सोळा बिटांचे जुने कार्यक्रम मुळींच चालवीत नाहीं. आमची तबकडी प्रथम चालेना याचें कारण तेंच. दरम्यान अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननें सन २०२३ मध्यें दाखवून दिलें कीं, २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ आज विकत मिळत नाहींत. खेळ गेले तर गेले, असें म्हणणाऱ्या वाचकानें वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं जुन्या मराठी टंकांत लिहिलेला आपला एखादा लेख नव्या यंत्रावर उघडून पाहावा. आम्हीं उघडला होता. आमचें प्रौढ मराठी गद्य तेथें रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या खिचडीच्या रूपानें अवतरलें.

हें सर्व लिहीत असतां एक निराळीच आठवण मधें मधें येत राहिली, आणि ती टाळून हा लेख पुरा करणें अप्रामाणिकपणाचें होईल. आमचे वडील, अण्णा, रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत प्राथमिक शिक्षक होते. आई गेल्यावर, सन २००९ मध्यें, आम्हीं त्यांस शहरांत आमच्या सदनिकेंत आणलें. गांवीं ते पहांटे उठून पाटाचें पाणी सोडीत, लोकांचे अर्ज लिहून देत, बांधाचे तंटे मिटवीत. येथें पाचव्या मजल्यावर ते खुर्चींत बसून राहत. लिफ्टचें बटण दाबण्यास कचरत. शेजारचें दार बंद दिसलें कीं परत येत. एकच प्रश्न दोनदां विचारीत. पाहुण्यांस आम्ही सांगत असूं, "अण्णा आतां थकले." डॉक्टरांसही आम्हीं तेंच सांगितलें आणि त्यांनीं वयाकडे पाहून तें मान्य केलें. पुढच्या गणपतींत त्यांस गांवीं नेलें. चौथ्या दिवशीं ते दोन मैल चालून नदीवर जाऊन आले, आणि संध्याकाळीं ओटीवर सात-आठ माणसें त्यांची वाट पाहत बसलेलीं होतीं. आम्हीं तें डोळ्यांनीं पाहिलें. हवापालट मानवला, असें म्हटलें आणि रजा संपतांच त्यांस परत घेऊन आलों. ते २०१३ मध्यें शहरांतच वारले.

दुसरें काय करतां आलें असतें, हा प्रश्न आम्हीं स्वतःस पुष्कळदां घातला आहे. गांवीं त्यांच्याजवळ रात्रीं कोणी नव्हतें, आमची नोकरी येथें होती; या गोष्टी तेव्हांही खऱ्या होत्या व आजही आहेत. त्यांस शहरांत आणलें याचें आम्हांस तितकें वाईट वाटत नाहीं. आम्हीं दाखल्यावर जें कारण लिहिलें, त्याचें वाटतें.

चिरंजीवांनीं त्या रात्रीं पुन्हां खटपट केली. 'डॉसबॉक्स' नांवाचा एक कार्यक्रम सन २००२ पासून उपलब्ध आहे; तो नव्या यंत्राच्या पोटांत जुन्या यंत्राचें सोंग आणतो, आणि त्या सोंगानें किती सावकाश चालावें तें आपणांस ठरवितां येतें. तो आंकडा पहिल्यानें फार मोठा पडला होता, मग भलताच लहान. जेवणें झाल्यावर तो बरोबर जुळला आणि मोटार रस्त्यावरून नीट धांवूं लागली. आमचे सहकारी बारा वाजेपर्यंत उठले नाहींत. पुढच्या महिन्यांत गांवचें घर शाकारून घ्यावयाचें आहे. चिरंजीव बरोबर येतों म्हणतात.