हिशेब मागणे आणि हक्क देणे

इस्लामने कर्जाला जितके गांभीर्य दिले आहे, तितके फार थोड्या व्यवहारांना दिले आहे. एका जनाज्याच्या प्रसंगी मृतावर काही दीनारांचे कर्ज असल्याचे कळताच प्रेषित (स.) स्वतः नमाज पढवण्यास पुढे झाले नाहीत. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले, तेव्हाच त्यांनी नमाज पढवली. ही शिकवण लहानपणापासून कानांवर पडलेली असल्यामुळे सज्जन मुस्लिम कुटुंबाला कर्जाचे भय वाटते, आणि ते वाटायलाच हवे. परंतु या भयातूनच आज एक प्रश्न वारंवार पुढे येतो. विम्याने न भरलेले, रुग्णालयाने घरी सोडतेवेळी हाती ठेवलेले अनपेक्षित बिल हे संपूर्णपणे कर्जच आहे काय? त्याबद्दल वाद घालणे म्हणजे दुसऱ्याचा हक्क बुडवणे आहे काय?

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या कारखानदारीवर जगणाऱ्या कुटुंबांसाठी हा प्रश्न काल्पनिक नाही. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेला कामगार राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये येतो. त्याच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के रक्कम जमा होते आणि चिंचवडच्या मोहननगरमधील ईएसआय रुग्णालयाचे दार त्याच्यासाठी उघडे असते. वेतन त्या मर्यादेपुढे गेले की चालू हप्ता-कालावधीनंतर तो या योजनेबाहेर पडतो. मग कंपनीची सामूहिक पॉलिसी असली तर तिचा आधार, नसली तर स्वतः घेतलेली एखादी पॉलिसी. तिच्यातील अटी मात्र बहुधा कोणी वाचलेल्या नसतात. मध्यरात्री अतिदक्षता विभागाच्या दाराशी कागद पुढे येतात, थरथरत्या हाताने सही होते आणि घरी जाण्याच्या दिवशी समजते की विम्याने निम्मीच रक्कम मंजूर केली आहे.

शरीअतच्या दृष्टीने उपचार हा सेवेचा करार आहे; फिकहमध्ये त्याला इजारा म्हणतात. परस्परांच्या संमतीने झालेल्या व्यवहाराखेरीज एकमेकांचे धन खाऊ नका, असा आदेश सूरह अन्-निसाच्या २९व्या आयतीत आहे. संमती खरी असायची तर मोबदला ज्ञात हवा. हनफी फुकहांनी म्हटले आहे की मोबदला ठरवलाच नसेल तर करार सदोष ठरतो. मात्र सेवा दिली गेली असेल तर मोबदला बुडत नाही. अशा वेळी उजरत-ए-मिस्ल, म्हणजे तशाच सेवेसाठी त्या ठिकाणी रूढ असलेला रास्त मोबदला, देणे बंधनकारक होते.

या एका नियमात आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. डॉक्टरांचे श्रम, परिचारिकांची जागरणे, रुग्णाच्या शरीरात गेलेली औषधे यांचे देणे खरे आहे. ते नाकारता येत नाही. दर आधी सांगितला गेला होता आणि आपण तो मान्य केला होता, तर नंतर तो जड वाटला म्हणूनही मागे फिरता येत नाही. पण जो दर कधी सांगितलाच गेला नाही, त्याचा आकडा केवळ संगणकातून छापून बाहेर आला म्हणून कर्ज होत नाही. ‘सर्व खर्च देईन’ अशा मोघम मजकुराखालची सही ही उपचाराला संमती आहे. त्या क्षणी कोणालाच माहीत नसलेल्या आकड्याला ती संमती कशी असेल?

काहीजण म्हणतात, ज्यांनी प्राण वाचवले त्यांच्याकडे हिशेब मागणे ही कृतघ्नता आहे. ही भावना उदात्त आहे, पण तिने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. कृतज्ञता हे हृदयाचे कर्तव्य आहे आणि हिशेब हे व्यवहाराचे. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल्-बकराची २८२वी, देवघेव लिहून ठेवण्याविषयी आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, तो लिहिण्याचा कंटाळा करू नका, असे तीत सांगितले आहे. लिहिणे हा अविश्वास असता तर अल्लाहने त्याची आज्ञा दिली नसती. म्हणून बाबवार बिल मागणे हे भांडण नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही तपशीलवार बिल मिळण्याचा हक्क नमूद आहे.

तपासल्याने बिल बदलू शकते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. कोविडच्या काळात मे २०२० मध्ये शासनाने खासगी रुग्णालयांसाठी दर ठरवून दिले. सामान्य कक्षासाठी प्रतिदिन ४,००० रुपये, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. बिले तपासण्यासाठी लेखापरीक्षकही नेमले गेले आणि अनेक कुटुंबांची बिले कमी झाली.

मात्र वाद घालण्यापूर्वी तो कोणाशी आहे हे ओळखणे हा न्यायाचाच भाग आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ३,००० रुपये आहे आणि आपण ६,००० रुपयांच्या खोलीत चार दिवस राहिलो. खोलीचे २४,०००, शस्त्रक्रिया व डॉक्टरांचे ८०,०००, औषधे व तपासण्यांचे ६०,०००. एकूण १,६४,००० रुपये. विमा कंपनी म्हणते, मर्यादेच्या दुप्पट खोली घेतली, म्हणून सगळेच निम्मे. ८२,००० आमचे, ८२,००० तुमचे. परंतु विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्येच स्पष्ट केले आहे की अशी प्रमाणशीर कपात औषधांना, तपासण्यांना, शरीरात बसवण्याच्या उपकरणांना आणि अतिदक्षता विभागाच्या आकाराला लावता येत नाही. त्या हिशेबाने कंपनीने १,१२,००० द्यायला हवेत आणि आपला वाटा ५२,००० राहतो. म्हणजे वाद ३०,००० रुपयांचा आहे आणि तो विमा कंपनीशी आहे. रुग्णालयाने सगळे दर आधी सांगितले असतील, तर त्या डॉक्टरांवर आवाज चढवणे हा जुलूम आहे. कोणाविषयीच्या रागाने न्याय सोडू नका, ही सूरह अल्-माइदाची (५:८) ताकीद बिलाच्या खिडकीपाशीही लागू आहे.

विमा कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास, किंवा मिळालेले उत्तर न पटल्यास, वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. त्याचे कार्यालय पुण्यात आहे आणि तेथे शुल्क लागत नाही. रुग्णालयाच्या सेवेबद्दल तक्रार असेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे; पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. उपचार धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयात झाला असेल तर तेथे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. पात्र कुटुंबाने त्याची मागणी करणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

आता तराजूचे दुसरे पारडे. सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये त्या लोकांचा धिक्कार आहे, जे घेताना माप भरून घेतात आणि देताना कमी देतात. हा धिक्कार केवळ दुकानदारापुरता नाही. विम्याच्या अर्जात जुना आजार लपवणे, दावा बसावा म्हणून डॉक्टरांना तारीख किंवा निदान बदलायला लावणे, गरज नसताना एक रात्र दाखल राहणे, बाकी ठेवून फोन बंद करणे हे सर्व त्याच मापातले पाप आहे. विमा कंपनी मोठी आहे म्हणून तिला फसवणे हलाल होत नाही. चार माणसे जमवून रुग्णालयात दंगा करणे हा तर २०१० च्या राज्य कायद्यान्वये गुन्हा आहे आणि त्याआधी तो गुनाह आहे. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी वर्णन केलेल्या हदीसचा आशय असा : वक्तृत्वाच्या जोरावर कोणी प्रेषितांकडूनही भावाच्या हक्काचा निकाल आपल्या बाजूने मिळवला, तरी तो आगीचा तुकडाच घेऊन जातो. लोकपाल आपल्या बाजूने निकाल देईल. पण खोटेपणा त्याने धुतला जात नाही.

वाद कसा मिटवावा, याचा सुंदर नमुना सहीह बुखारीत आहे. हजरत काब बिन मालिक (रजि.) यांनी मस्जिदीत आपल्या ऋणकोकडे पैशाची मागणी केली आणि दोघांचे आवाज चढले. प्रेषित (स.) आपल्या हुजऱ्याचा पडदा सारून बाहेर आले आणि त्यांनी काब (रजि.) यांना अर्धे कर्ज सोडण्याची खूण केली. काब (रजि.) यांनी ते मान्य करताच प्रेषितांनी दुसऱ्याला उठून उरलेले फेडण्यास सांगितले. या प्रसंगाचा उत्तरार्ध आपण विसरतो. सवलत मिळाल्यावर विलंबाला जागा उरत नाही. म्हणून बिलातील जेवढा भाग निर्विवाद आहे तेवढा आधी द्यावा, वादातल्या बाबी लेखी कळवाव्यात, आणि ऐपत नसेल तर लपून न बसता मुदत मागावी. अडचणीतल्या ऋणकोला मुदत देण्याचा आदेश कुरआनने (२:२८०) धनकोला दिलाच आहे.

शेवटची गोष्ट आपल्या जमाअतींची. जुम्याच्या नमाजनंतर कोणाच्या तरी रुग्णालयाच्या बिलासाठी झोळी फिरते आणि लोक सढळ हाताने देतात. कर्जात बुडालेल्यांचा हिस्सा जकातीच्या आठ मसारिफमध्ये (९:६०) आहेच. पण जकात ही अमानत आहे. तीतून जो रुपया न देय असलेल्या आकड्यापोटी जातो, तो दुसऱ्या गरजवंताच्या ताटातून जातो. म्हणून मस्जिद कमिटीत पॉलिसीच्या अटी वाचू शकणारे, तक्रारीचा अर्ज लिहू शकणारे दोन सुशिक्षित तरुण असावेत. झोळी फिरवण्यापूर्वी त्यांनी बिल वाचावे. अनेकदा त्यांचा एक तास त्या कुटुंबासाठी जमलेल्या देणगीहून मोठा ठरेल.

अल्लाह आपल्या रुग्णांना शिफा देवो, कर्जदारांना मोकळे करो, आणि आपला हक्क मागताना दुसऱ्याचा हक्क न विसरण्याची तौफीक आपणा सर्वांना देवो. आमीन.