क्रॉसिंग

आबा रेल्वेत पॉइंट्समन होते. १९६२ साली लागले, २००० साली निवृत्त झाले आणि मधली दोन-चार वर्षं सोडली तर सगळी नोकरी मुदखेडलाच झाली. मनमाड-सिकंदराबाद लाइन तेव्हा मीटरगेज होती, निझामाच्या राज्यात टाकलेली आणि एकेरी. एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून टोकन असायचं. चामड्याच्या पिशवीत एक पोलादी गोळा आणि पिशवीला वेताचं भलंमोठं कडं. गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर पुढच्या स्टेशनाकडे गाडी काढत नसे. पावसात, रात्री-अपरात्री, हातबत्तीच्या उजेडात आबांनी कडं उंच धरायचं आणि चालत्या इंजिनातल्या माणसाने त्यात हात घालून ते ओढून न्यायचं. हे त्यांनी हजारो वेळा केलं.

गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहिली की डब्याडब्यातून आरडाओरडा सुरू व्हायचा. लग्नाचा मुहूर्त चाललाय, कोर्टाची तारीख आहे, पोर तापाने फणफणलंय. आबांचं उत्तर ठरलेलं होतं, "लेट न्हाई भाऊ, क्रॉसिंग हाय. समोरचीला येऊ द्या, मंग आपली सुटंल." आवाज न चढवता, प्रत्येक खिडकीला एकदा. हे आधी सांगून ठेवतो, कारण २०२४ च्या जानेवारीत हाच माणूस घरात कुणाला ऐकेनासा झाला होता.

कारण होती एक सायकल.

आबांच्या आयुष्यातली पहिली सायकल म्हणजे इंग्लंडात बनलेली हिरवी रॅले. १९६३ साली बदलीवर जाणाऱ्या स्टेशन मास्तरांकडून त्यांनी ती जुनीच घेतली होती. पुढच्या बिल्ल्यावर बगळा होता, म्हणून घरात तिचं नाव पडलं बगळेवाली. दांड्यांचे ब्रेक, आणि चेनकव्हर सगळीकडून बंद, त्यामुळे धूळ आत जायची नाही आणि चालताना आवाज म्हणून यायचा नाही. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा गावाकडून भावाची अकरा माणसं क्वार्टरात राहायला आली. पगार एक, खाणारी तोंडं पंधरा. आबांनी सायकल नांदेडला नेऊन विकली आणि येताना ज्वारीचं पोतं आणलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, ते ड्यूटीला पायी गेले. घरात सायकलीचा विषय त्यांनीही काढला नाही आणि इतरांनीही नाही. काही गोष्टी न बोलण्यानेच घरात जिवंत राहतात, तशी ती राहिली.

२०१७ साली विक्रम पेंडसे यांनी पुण्यात कर्वेनगरला जुन्या सायकलींचं संग्रहालय उघडलं. नातू तेव्हा पुण्यात शिकत होता, त्याने आबांना तिथे नेलं. दुसऱ्या महायुद्धात विमानातून छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी केलेली घडीची बीएसए सायकल तिथे आहे. लोक तिच्याभोवती जमतात. आबा मात्र एका बंद चेनकव्हराच्या सायकलीपुढे उभे राहिले ते हलेचनात. परतताना एसटीत ते एवढंच म्हणाले, "हिरवी होती आपली." नातवाने ते मनात ठेवलं.

पुढे तो नॉटिंगहॅमला शिकायला गेला. रॅले कंपनी १८८७ साली याच गावात सुरू झाली. तिच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर आता विद्यापीठाचं आवार आहे आणि पोराचे वर्ग नेमके त्याच आवारात भरत. नोकरी लागल्यावर त्याने एका म्हाताऱ्या जोडप्याच्या गॅरेजमधून हिरवी रॅले मिळवली. मागच्या हबवर ५२ कोरलेलं होतं, म्हणजे हब १९५२ चा. वापरलेली सायकल परदेशातून नुसती मागवायची तर आपल्याकडे सरकारी परवाना लागतो. पण कायमचं परतणाऱ्याला स्वतःचं वापरातलं घरसामान आणता येतं. म्हणून वर्षभर तो त्याच सायकलवर कामाला गेला आणि २०२३ च्या डिसेंबरात पुस्तकं, भांडी आणि सायकल अशी पेटी बांधून फेलिक्सस्टोव्ह बंदरातून जहाजाने पाठवली. महिन्याभरात येईल, असं त्याने आबांना कळवलं.

त्याच डिसेंबरात तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी मालवाहू जहाजांवर हल्ले चालवले होते. मोठ्या कंपन्यांनी सुएझची वाट सोडली आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. लंडनहून मुंबईला येताना हा वळसा आठेक हजार किलोमीटरांचा पडतो. शेजारचे निवृत्त गुरुजी आबांना म्हणाले, "सुएझ कालवा १८६९ साली उघडला. त्याच्या आधी सगळं याच वाटेनं यायचं. तुमची सायकल वास्को द गामाच्या रस्त्याला लागली बघा." गुरुजींनी हे कौतुकाने सांगितलं होतं, पण आबांना ते झोंबलं.

तयारी तर कधीच झाली होती. ओसरीवरचं तुरीचं पोतं आत गेलं, कोपरा सारवून झाला. स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मामूंची सायकलची टपरी आहे, चाळीस वर्षांपासूनची. आबांनी तिथून पेन्शनच्या पैशातून दोन टायर, दोन ट्यूब, चेन, कॉटरपिना आणि पाव इंची छर्रे विकत घेतले आणि सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. इथे एक गोष्ट मला फार आवडते. अठ्ठावीस बाय दीडचा जो टायर इंग्लंडात आज शोधत फिरावं लागतं, तो मुदखेडात टपरीच्या खिळ्याला लटकलेला असतो, कारण आपली काळी सायकल अजून त्याच मापावर चालते. नातवाला तिकडे तो मिळाला नव्हता. भेगा पडलेल्या जुन्याच टायरांवर त्याने वर्ष काढलं होतं.

मोबाइलवर जहाजाचा ठिपका दिसायचा. आबा उठल्या-उठल्या सुनेला तो लावायला सांगायचे. ठिपका आफ्रिकेच्या टोकाला आला, वर सरकला, कोलंबोला पोचला आणि तिथेच थांबला. पेटी तिथे उतरवली होती. दुसऱ्या जहाजाने ती मुंबईला यायची होती, पण जहाजांची वेळापत्रकं विस्कटली होती आणि बंदरात डबे साचले होते. एक आठवडा गेला, दोन गेले. आबांनी पहाटेचं फिरणं बंद केलं. पारावर बसणं बंद केलं. सुनेने चहा उशिरा दिला म्हणून ओरडले, तेही पाहुण्यांसमोर. चौऱ्याऐंशीच्या वयाला उद्याचा भरवसा नसतो, त्यामुळे त्यांची घाई मला कळत होती. पण त्या ठिपक्याने एका शांत माणसाचं घर विस्कटून टाकलं, हेही खरं.

मुदखेडचा परिसर फुलांचा. मोगरा, गुलाब, काकडा. काकड्याची कळी पहाटे, उमलायच्या आत तोडावी लागते आणि लगोलग नांदेडच्या बाजारात पोचावी लागते. ऊन वर आलं की तिला कुणी विचारत नाही. गावापासून चार किलोमीटरवर एका कुटुंबाचा वीस गुंठे काकडा आहे. बाप बैलगाडीवरून पडला, पाय प्लॅस्टरमध्ये. थोरली पोरगी दहावीला. पहाटे चारला आईबरोबर कळ्या तोडायच्या, डोक्यावर टोपली घेऊन स्टेशन गाठायचं, पायी घरी जायचं आणि पुन्हा पायी शाळेत यायचं. बापाची काळी सायकल होती, पण तिचे टायर फाटलेले आणि मागचं चाक डुगडुगत होतं.

फेब्रुवारीच्या मधल्या आठवड्यात ती सायकल ढकलत मामूंच्या टपरीवर आली. १ मार्चला पहिला पेपर होता. मामूंनी सायकल उलटी केली, चाक फिरवून पाहिलं आणि काय काय लागेल ते सांगितलं. दोन टायर, ट्यूब, छर्रे, कॉटर, चेन. पोरीकडे दीडशे रुपये होते. मामूंची स्वतःचीच उधारी थकली होती, नांदेडचा व्यापारी नवा माल देईना. मामू हात पुसत आबांकडे गेले.

"आबा, आपका माल ऊपर पडा हय. बच्ची का काम हो जाता. आपकी सायकल आए तक मैं दूसरा मंगा देतूं."

"नक्को मामू. आज-उद्या ठिपका मुंबईला लागंल. मंग मी काय रिमवर चालवू?"

मामू काही बोलले नाहीत. दारातून वळताना एवढंच म्हणाले, "रबर हय, आबा. रखे रखे बी सडता."

त्या संध्याकाळी आबा बऱ्याच दिवसांनी स्टेशनावर गेले. परभणीपासून मुदखेडपर्यंत लाइन आता दुहेरी झाली आहे. पुढे निझामाबादकडे आणि आदिलाबादकडे तेव्हा अजून एकेरीच होती, त्यामुळे क्रॉसिंग सुटलेलं नव्हतं. आदिलाबादकडे जाणारी एक गाडी उभी होती. एक तरुण खाली उतरून जो दिसेल त्याच्यावर खेकसत होता. पाऊण तास झाला, कुणी सांगायला तयार नाही, आम्ही काय माणसं नाही का. बाकावरच्या म्हाताऱ्याकडे वळून तो म्हणाला, "काय हो काका, ही अशीच लेट करतात का इथं?"

उत्तर आबांच्या ओठावरच होतं. "लेट न्हाई भाऊ," ते म्हणाले, "क्रॉसिंग..."

पुढचं वाक्य त्यांच्याने पुरं झालं नाही. तरुण वाट पाहून निघून गेला. समोरून दिवा दिसला, गाडी धडधडत आली, तिचे डबे एकामागून एक निघून गेले. मग लूपवरची गाडी हलली. प्लॅटफॉर्म रिकामा झाल्यावरही आबा बराच वेळ बसून होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामू टपरीचं फळकूट काढत होते, तर आबा पुढ्यात उभे, काखेत वर्तमानपत्राचं गाठोडं. "घ्या," एवढंच बोलले.

ते काम मी पाहिलं आहे. मामूंनी हातोडीच्या दोन ठोक्यांत जुना कॉटर काढला. मागचा हब खोलला तर छर्रे झिजून हरभऱ्याच्या डाळीसारखे चपटे झालेले. कपड्याने कप पुसून, बोटाने ग्रीस भरून त्यांनी नवे छर्रे एकेक करून बसवले. आबा शेजारी बसून मोजत होते. मग मामूंनी चाकाचा आउट काढला. रिमजवळ खडू धरायचा, चाक फिरवायचं, जिथे खडूची रेघ उमटेल तिथली तार पान्याने पाव फेरा सैल करायची किंवा आवळायची. शेवटी चाक खडूला न शिवता फिरलं. सीट सगळ्यात खाली घेतली, कॅरियरला टोपलीसाठी दोरी बांधली. पोरगी सायकल घेऊन गेली तेव्हा आबा म्हणाले, "हवा दर दोन दिवसाला बघत जाय, माय. नवं रबर हाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं पहाटेचं फिरणं पुन्हा सुरू झालं. टपरीपाशी थांबायचं, पोरगी आली की अंगठ्याने टायर दाबून पाहायचा, पेपर कसा गेला ते विचारायचं. पोरगी दर आठवड्याला पन्नास रुपये द्यायला लागली. आबांनी ते घेतले नाहीत. "मामूच्या डब्यात टाक," म्हणाले. "गोळा पुढच्या स्टेशनाला द्यायचा असतो, मागं न्हाई." त्या डब्यातून एप्रिलमध्ये भाजी विकणाऱ्या एका बाईच्या सायकलला मागचा टायर बसला.

मार्चमध्ये नातवाचा पुण्याहून फोन आला, "आबा, पेटी न्हावाशेव्याला लागली!" आबांनी विचारलं, "हौ का? बरं." आणि लगेच सांगितलं, "आज तिचा गणिताचा पेपर हाय." सुनेच्या लक्षात आलं की आठ दिवस ठिपका लावायला कुणी सांगितलंच नव्हतं.

यादीत काही कमी-जास्त निघालं, पुन्हा कागद करावे लागले. पेटी सुटली, पुण्याला गेली आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात नातू सायकल घेऊन मुदखेडला आला. आबांनी तिच्यावरचं बारदान स्वतः सोडलं. हिरवा रंग जागोजाग उडालेला, पण बिल्ल्यावरचा बगळा शाबूत होता. पुढच्या दातेरी चक्रातही बगळ्यांच्या माना होत्या, त्यांवरून आबांनी अंगठा फिरवला. मागचं चाक उचलून पायडल मारलं. चेनचा आवाज आला नाही. टायर मात्र पाच महिने लोखंडी डब्यात तापून निघाले होते. हात लावला की भेगांतून भुगा पडत होता.

"अरेरे, आबा," नातू म्हणाला, "आणि तुम्ही घेऊन ठेवलेले?"

"ते चालूलालेत," आबा म्हणाले.

२७ मे २०२४ ला दहावीचा निकाल लागला. पोरगी पास झाली. पेढे द्यायला आली तेव्हा बगळेवाली ओसरीवर टायरांविनाच उभी होती. नांदेडहून टायर आले ते जूनमध्ये. पहिला पाऊस पडून गेल्यावर एका सकाळी आबांनी ती चालवली, स्टेशनापर्यंत आणि परत.