देशांतर कशास म्हणावे?

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर आकाशमार्गाने सुमारे १२,५०० किलोमीटर असून थेट जाणारे विमान ते साधारण सोळा तासांत कापते. मुंबईहून आपले बुऱ्हाणपूर लोहमार्गाने सुमारे ५०० किलोमीटर. त्यास सात-आठ तास लागतात. म्हणजे पंचवीसपट अंतरास केवळ दुप्पट वेळ! अशा काळात ‘दूर’ कशास म्हणावे, हा प्रश्न गतवर्षी एका यजमानांच्या अंगणात माझ्यापुढे उभा राहिला.

आशौचाचा निर्णय करताना शास्त्रकारांनाही तो पडला होता. कोणी योजने मोजली. कोणी म्हटले, मध्ये महानदी वा पर्वत आला अथवा भाषा पालटली की देशांतर. (तापी महानद्यांत गणलेली आहे, तेव्हा या मापाने पलीकडचे जैनाबादही देशांतरच ठरेल!) परंतु मला सर्वांत मार्मिक वाटते ते निराळे वचन: जेथील वार्ता दहा रात्रींत कानी येत नाही, ते देशांतर. मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये येथेच निवर्तले; त्यांची छत्री तापीकाठी उभी आहे. ती वार्ता घेऊन स्वार अंबेरास पोहोचेपर्यंत येथील चिता केव्हाच निवली असेल. आज त्या मापाने पृथ्वीवर देशांतर उरलेच नाही.

पुत्रास तर ती सवलत पूर्वीही नव्हती. मातापित्यांचे निधन वर्षानंतर कळले तरी कळल्या दिवसापासून दहा दिवस त्याने पाळावयाचे. मात्र शास्त्राने त्यास बांधले ते ऐकण्याने, पोहोचण्याने नव्हे. तो जवळ नसेल तर अग्नी देण्यास दुसरे अधिकारी सांगितलेलेच आहेत.

त्या घरी वृद्ध मातोश्री पहाटे गेल्या. थोरले चिरंजीव न्यूयॉर्कला, धाकटे घरीच. वार्ता तत्क्षणी पोहोचली. माणूस पोहोचण्यास दोन दिवस लागणार होते. धाकट्यांनी माझ्या तीर्थरूपांना विचारले, “गुरुजी, थांबावे का?” ते म्हणाले, “थांबा.” देह बर्फात राहिला, चूल पेटली नाही, वृद्ध आत्याबाई निराहार बसून राहिल्या.

मला हे पटले नाही. वाटेत मी म्हणालो, “अण्णा, आठ वर्षे आईचे सारे धाकट्यांनी केले. अग्नीही त्यांनीच दिला असता तर काय बिघडले असते?”

“बिघडले काहीच नसते. पण थांबायचे त्याच्याच मनात होते. नसते, तर त्याने विचारलेच नसते.”

तरीही माझे मत पुरते बदललेले नाही. जी वाट मृत्यूनंतर दोन दिवसांत सरते, ती आई जिवंत असतानाही तेवढीच होती. पूर्वी समुद्र आड येई, म्हणून पुत्राचे न येणे क्षम्य होते. विमानाने ती सबब काढून घेतली. रजा, परवाने, तिकिटाचा खर्च यांचे अंतर घड्याळात दिसत नाही, हेही खरे. थोरल्यांचा कोरडा पडलेला चेहरा पाहिल्यावर मी त्यांना दोष देऊ शकलो नाही.

बाराव्यानंतर परतण्यापूर्वी ते आमच्याकडे आले. आई गेली तेव्हा न्यूयॉर्कला आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. मग वर्षश्राद्धास दिवस कोणता धरावा?

“तारखा दोन झाल्या, तिथी एकच,” अण्णा म्हणाले, “चंद्र काही दोन नाहीत. मात्र दरवर्षी ती तिथी तिकडे केव्हा येते, ते तिकडच्या पंचांगात पाहा.”

त्यांनी मास, पक्ष, तिथी लिहून घेतली आणि कागद पारपत्रात ठेवला.