कानाचं उत्तर

हेडफोन अजून घालू नका.

आधी तो मांडीवर ठेवा. दोन्ही हात त्याच्यावर असू द्या. डोळे उघडे.

श्वास येतो आहे. जातो आहे. त्याला येऊ द्या, जाऊ द्या.

आता पाहा. काळा रंग. दोन वाट्या, त्यांना जोडणारी एक कमान. वाटीच्या कडेला मऊ गादी.

वाटीच्या आत डोकावा. बहुतेक हेडफोनांत तिथे नुसती पोकळी असते. इथे मधोमध सिलिकॉनचं एक लहान बोंड आहे. ते थेट कानाच्या भोकात जाऊन बसतं.

हा नुराफोन. ऑस्ट्रेलियात मेलबर्न इथल्या नुरा कंपनीने २०१६ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे जमवून तो करायला घेतला. घालणाऱ्याचा कान आधी ऐकायचा, मग त्या कानाला साजेसा आवाज द्यायचा, हे त्याचं काम.

कान ऐकायचा. आज आपण एवढ्यापाशीच बसू.

हेडफोन उचला. ३२९ ग्रॅम. पाव किलोहून जास्त. तळहाताला हे वजन लगेच कळतं, मानेला उशिरा कळतं.

सावकाश घाला. आधी एका कानावर, मग दुसऱ्या. बोंड आत सरकतं, वाटी कानावर टेकते, गादी कानाभोवती बसते.

थांबा.

पंखा दूर गेला आहे. खालची रिक्षा दूर गेली आहे. शेजारच्या कुकरची शिट्टी वाजली, पण ती जणू दुसऱ्या गल्लीत वाजली.

आता आवंढा गिळा.

ऐकलंत? केवढा मोठा आवाज. कानाचं भोक बंद झालं की आपल्याच हाडांतून आलेला आवाज आत कोंडला जातो. जबडा हलवा. दातावर दात हलकेच टेकवा. हे सगळं दिवसभर वाजतच असतं.

आता दाब कुठे आहे ते शोधा. कानामागे? टाळूवर? चष्मा असेल तर काडी जिथे रुतते तिथे?

दाब आहे तिथे लक्ष ठेवा. तो बदलायला जाऊ नका. गादीखालची त्वचा हळूहळू कोमट होते आहे. कानाच्या आत काही बसलेलं आहे, याची जाणीव काहींची मिनिटभरात विरते. काहींची विरतच नाही. तुमची विरते का?

कान सांगेल. त्याला वेळ द्या. दुकानातल्या दोन मिनिटांत हेडफोनचं सुख कळत नाही. पाऊण तासाने हात आपोआप वाटीकडे गेला, ती जरा उचलावीशी वाटली, की समजा कान काहीतरी सांगतो आहे.

श्वास येतो आहे. जातो आहे.

आता फोनवरच्या ॲपमध्ये कानाची मोजणी सुरू करा. आणि हलू नका.

सूर येतात. एक खालचा, एक वरचा. काही इतके बारीक की ते आले की नाही, याची खात्री वाटत नाही. तुम्हाला काहीच करायचं नाही. ऐकू आलं म्हणून बोट वर करायचं नाही, बटण दाबायचं नाही. नुसतं बसायचं आहे.

सूर आत जातो आहे. त्याच्याबरोबर आपणही जाऊ.

जेमतेम अडीच सेंटिमीटरची वाट. तिच्या टोकाला पडदा. पडदा थरथरतो.

पडद्याला चिकटून तीन हाडं. हातोडा, मग ऐरण, मग रिकीब. रिकीब सुमारे तीन मिलिमीटरची. शरीरातलं सगळ्यांत लहान हाड. ती एका इवल्या खिडकीवर टकटक करते.

खिडकीच्या पलीकडे पाणी आहे. पाण्याने भरलेली, अडीच-पावणेतीन वेढ्यांची नळी. कर्णावर्त. वाटाण्याएवढ्या जागेत मावलेलं.

इथे जरा थांबू.

लाट पाण्यातून आत जाते. उंच सूर दाराशीच थबकतो. मधला सूर थोडा पुढे जातो. खर्ज वळणं घेत घेत शेवटपर्यंत पोहोचतो. प्रत्येक सुराची जागा ठरलेली आहे.

त्या जागी केशपेशी उभ्या आहेत. आतल्या ओळीत साधारण साडेतीन हजार, बाहेरच्या ओळींत साधारण बारा हजार. ऐकलेलं मेंदूपर्यंत नेण्याचं काम मुख्यतः आतल्या ओळीकडे. मग बाहेरच्या एवढ्या साऱ्या कशासाठी?

त्या हलतात. सुराच्या तालावर आखडतात, लांबतात, आखडतात, लांबतात. दुबळी लाट आली तर तिला जोर देतात. सायीवरून बोट फिरावं इतका हलका आवाज आपल्याला ऐकू येतो, तो त्यांच्या जिवावर.

आता अगदी शांत बसा.

त्यांनी दिलेला जोर सगळाच आत राहत नाही. थोडासा उलटा फिरतो. पाण्यातून मागे, रिकिबीला, ऐरणीला, हातोड्याला, पडद्याला. पडदा आतून हलतो. आणि कानाच्या वाटेने एक आवाज बाहेर येतो.

तुमचा कान बोलतो आहे.

आत्ता. या क्षणी.

तुम्हाला तो ऐकू येत नाही. फार क्षीण आहे. पण वाटीतल्या मायक्रोफोनला येतो आहे. सूर गेला, आणि काही हजारांश सेकंदांनी त्याचं उत्तर आलं.

याच्यापाशी राहा. श्वास सोडा. त्या उत्तराला जागा द्या.

१९४८ मध्ये थॉमस गोल्ड या तरुण शास्त्रज्ञाने म्हटलं होतं की कान नुसता ऐकून घेत नाही, तो आतून जोर लावतो, आणि तसं असेल तर कानातून आवाज बाहेरही यायला हवा. तेव्हा फारसं कुणी मानलं नाही. १९७८ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी कानात बारीक मायक्रोफोन ठेवला, एक टिचकीसारखा आवाज सोडला, आणि वाट पाहिली. उत्तर आलं. तीस वर्षं वाट पाहत असलेलं उत्तर. मला यातलं वाट पाहणं फार मोलाचं वाटतं.

आज मोठ्या रुग्णालयांत तान्ह्या बाळाची हीच तपासणी होते. बाळ झोपलेलं असतं. कानात मऊ बोंड. त्याला काही विचारायचं नसतं, त्याने काही सांगायचं नसतं. दोन सूर एकदम आत सोडतात. निरोगी कान त्या दोन सुरांतून स्वतःचा एक तिसरा सूर तयार करतो आणि बाहेर पाठवतो. कुणी न वाजवलेला.

बाळ झोपेतच असतं. कान बोललेला असतो.

पुन्हा तुमच्या कानाकडे या. मोजणी संपली आहे. फोनच्या पडद्यावर एक रंगीत, वाकडातिकडा गोल दिसतो आहे. काही सुरांना कानाने जोरात उत्तर दिलं, तिथे तो फुगला आहे. काहींना हळू, तिथे चेपला आहे.

तो गोल नुसता पाहा. चांगला-वाईट ठरवू नका. उजव्या-डाव्या कानांची उत्तरंही सहसा सारखी नसतात. इतकी वर्षं हीच जोडी तुम्हाला सगळं ऐकवते आहे. आईची हाक हिनेच ऐकली.

आता आवाज लावू.

गाणं नको. तानपुरा लावा. नुसता तानपुरा.

पंचम. जोडीचे दोन षड्ज. मग खर्ज. पंचम, जोड, खर्ज.

डोळे मिटा.

आधी तारा वेगवेगळ्या ऐका. पंचम सुटतो. षड्ज सुटतो. पुन्हा षड्ज. खर्ज खाली पसरतो. नुराफोनमध्ये खर्जाचा थोडा भाग कानाभोवतीच्या त्वचेलाही लागतो, कारण बाहेरच्या वाटीत वेगळा स्पीकर आहे. गालाच्या हाडाला तो लागतो का, पाहा.

आता तारा सोडून द्या. तारांमधली जवारी ऐका. घोडीवर तार टेकते तिथे तिच्याखाली एक बारीक दोरा सरकवलेला असतो. मिरजेचे कारागीर आणि गवई तो केसभर पुढे, केसभर मागे करत बसतात. मग एक क्षण येतो. तार उघडते. गुंजन सुरू होतं.

त्या गुंजनात राहा.

खर्ज पुन्हा येऊ द्या. त्याच्या पोटात ऐका. घाई नको. पुढच्या फेरीत ऐका. त्याच्याही पुढच्या.

वर, लांब, एक गोड सूर लुकलुकतो आहे का?

तो गंधार आहे. तानपुऱ्यावर गंधाराची तार नाही. खर्जाची तार सेकंदाला ७० वेळा थरथरत असेल, तर तिच्याच अंगात ३५० वेळांची एक बारीक थरथरही असते. पाचपट. तोच हा तार सप्तकातला गंधार. जवारी नीट लागली तर तो आपणहून उभा राहतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

ऐका.

आता ॲपमधलं मोजणी चालू-बंद करणारं बटण दाबा. मोजलेला कान बंद, साधा आवाज सुरू. गंधार कुठे गेला? आहे तिथेच आहे? मागे सरकला?

पुन्हा दाबा. मोजलेला कान सुरू.

एकदा असं, एकदा तसं. निवाडा करू नका, फक्त फरक ऐका. कुणाला पडदा सरकल्यासारखं होईल. कुणाला काहीच वाटणार नाही, आणि तेही खरंच आहे. एक मात्र सांभाळा. जो आवाज थोडा मोठा असतो तो बहुतेक वेळा चांगला वाटतो. म्हणून दोन्ही वेळा आवाज सारखा आहे ना, ते आधी पाहा.

आणि आता आवाज कमी करा.

थोडा आणखी.

गंधार अजून ऐकू येतो? मग आणखी थोडा.

जिथे तो जेमतेम उरतो, तिथे थांबा. कान पुढे झुकतो. श्वास आपोआप लहान होतो. बाहेरच्या ओळींतल्या पेशी आत्ता जास्तीत जास्त राबत आहेत. क्षीण सुराला त्या हात देत आहेत. मोठ्या आवाजाला त्यांची एवढी गरज पडत नाही.

मोठा आवाज त्यांना मारतो. हे मला कळकळीने सांगायचं आहे. या पेशी आपल्याबरोबर जन्मतात आणि गेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबल आवाज ऐकायचा तर आठवड्याला फार तर ४० तास. ९० वर गेलात तर चारच तास. चांगल्या हेडफोनचा मला दिसलेला सर्वांत मोठा गुण हाच, की बाहेरचा गोंगाट बाहेर राहतो आणि आतला आवाज एवढा खाली आणता येतो.

गेलेल्या पेशींच्या जागेवरून उत्तर येत नाही. मोजणी करणारं यंत्र त्या जागी सूर उचलून देतं, जमेल तेवढा. पेशी परत आणत नाही. मोजणीचा तो गोल म्हणजे वैद्यकीय तपासणीही नाही. तुमच्या घरात कुणी टीव्हीचा आवाज वाढवत चाललं असेल, समोरच्याला पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर त्यांना श्रवणतज्ज्ञाकडे न्या. हेडफोन नंतर.

तानपुरा थांबवा.

बसून राहा. खर्ज बंद झाला तरी तो काही वेळ आत फिरतो आहे.

हेडफोन उतरवा. आधी बोंड सुटू द्या. पंखा परत आला. रिक्षा परत आली. कानाला वारा लागला, गार.

हेडफोन पुन्हा मांडीवर ठेवा. आता मोल पाहू.

नुराफोन बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ३९९ डॉलर होती. २०२३ मध्ये नुरा मासिमो या अमेरिकी कंपनीकडे गेली, आणि कानाचं उत्तर ऐकण्याची तीच पद्धत डेनॉन या ब्रँडच्या नावाने छोट्या इअरबडांत आली. त्यांना ना कमान, ना वाट्या. मानेवरचं ओझं गेलं. त्वचेला लागणारा खर्जही गेला.

बॅटरी किती तास चालते, ब्लूटूथ कुठलं, हे डब्यावर छापलेलं असतं. ते वाचा आणि पुढे जा.

जिथे थांबायला हवं असं आणखी थोडं आहे. मोजणी फोनवरच्या ॲपमधून होते. ते ॲप किती वर्षं चालत राहील? गादी झिजली तर बदलून मिळेल? बॅटरी थकली तर? एवढे पैसे देणारा माणूस हे विचारू शकतो. शांतपणे विचारावं.

आणि तुमच्या घरात रोज ऐकणारं कोण आहे? किती वेळ? बसून ऐकणारं की लोकलमध्ये उभं राहून? लोकलमध्ये गंधार शोधायचा नसतो, तिथे गोंगाट थोपवणारा साधा हेडफोन निम्म्या किमतीत पुरेल. रात्री दिवा मालवून, कुमार गंधर्वांची किंवा किशोरीताईंची मैफल लावून बसणारं कुणी घरात असेल, तर मोजलेल्या कानाला अर्थ आहे. मला तो आहे असं वाटतं.

दुकानात जाल तेव्हा तुमची स्वतःची तानपुऱ्याची ध्वनिफीत फोनमध्ये घेऊन जा. चष्मा घालत असाल तर तोही. खुर्ची मागा. आधी मोजणी करा, मग आवाज खाली आणा, आणि दुकानदाराला सांगा की पाऊण तास बसणार आहे.