बर्डीचा विवेक कोणत्या शतकातला?

कॅरन कुशमन यांची ‘कॅथरिन, कॉल्ड बर्डी’ ही किशोर कादंबरी १९९४ साली आली. काळ १२९०चा, स्थळ इंग्लंडमधलं लिंकनशायर. एका छोट्या सरदाराची किशोरवयीन मुलगी, बर्डी, बापाने आणलेली स्थळं पळवून लावते आणि रोजनिशी लिहिते. नोंदींच्या माथ्यावर त्या दिवसाचा संत येतो, तो कसा मारला गेला हेही येतं. त्याच वर्षी राजा पहिला एडवर्ड याने ज्यूंना देशाबाहेर घालवलं. कादंबरीत त्यांच्यातले काही जण बर्डीच्या घरी रात्रीपुरते उतरतात. ज्यूंना शिंगं-शेपट्या असतात असं ऐकलेलं, म्हणून ती लपून पाहते, तर दिसतात चारचौघांसारखी माणसं. त्यांच्यातली एक म्हातारी तिला सांगते, की परलोकात तू अमक्या-तमक्यासारखी का झाली नाहीस असं विचारणार नाहीत. तू स्वतः, कॅथरिन, का झाली नाहीस, असं विचारतील. ही गोष्ट मुळात अठराव्या शतकातल्या हसिदी परंपरेत रब्बी झुस्याच्या नावावर आहे. पाचशे वर्षांनंतरचं शहाणपण १२९०च्या मुलीच्या ओंजळीत घालणं नैतिकदृष्ट्या योग्य आहे का?

माझ्या मते दोष सालाच्या चुकीत नाही. म्हातारीचं बोलणंही शेवटी देवाच्या दरबारातल्या जाबाबद्दल आहे, आणि तो जाब बर्डीच्या काळाला परका नव्हता. बिघडतं ते लेखक पात्राला आजचा विवेक देतो, पण ज्या श्रद्धेतून त्या काळी विवेक घडत होता ती काढून घेतो तेव्हा. विहिरीच्या खोलीबद्दल जितकी खात्री, तितकीच त्या काळच्या मुलांना नरकाबद्दल होती. संत नोंदींच्या माथ्यावर असून भागत नाही; निर्णयाच्या क्षणी पात्राच्या मनात त्यांना जागा हवी.

यावर म्हणतील, की लग्नाला नकार देणारी मध्ययुगीन मुलगी हीच मुळात आजची कल्पना आहे. ते खरं नाही. बाराव्या शतकातली मार्कयेटची क्रिस्टिना आईबापांचा मार आणि दबाव सोसून, पुरुषी वेश करून घरातून पळाली. पुढे रॉजर नावाच्या तपस्व्याच्या आश्रयाला तिने काही वर्षं इतक्या अरुंद कोपऱ्यात काढली, की तोंडावरचा ओंडका त्याने हलवल्याशिवाय तिला बाहेर पडता येत नसे. तिचं कारण स्वातंत्र्य हे नव्हतं. कौमार्याचं व्रत तिने आधीच ख्रिस्ताला दिलं होतं. त्याच शतकात पोप तिसरा अलेक्झांडर याने वधूवरांची संमती हा विवाहाचा पाया मानला. व्यवहारात ही संमती अनेकदा धाकाने मिळवली जाई, तरी ‘नाही’ म्हणायला धर्मातच एक वाट होती.

दुसरा आक्षेप जड आहे. ज्या चर्चने १२१५च्या लॅटरन परिषदेत ज्यूंना वेगळा पोशाख सक्तीचा केला, त्याच्या श्रद्धेला मुलांच्या पुस्तकात मान का द्यायचा? द्यायचा, कारण श्रद्धा आतून दाखवली नाही तर पूर्वग्रहही आतून दिसत नाही. शिंगं शोधणारी बर्डी मला त्या पुस्तकातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटते. तिचा द्वेष तिचा स्वतःचा आहे, आणि तो तिच्याच डोळ्यांसमोर खोटा ठरतो. हे पाहणारा बारा वर्षांचा वाचक आपल्या घरात ऐकलेलंही तपासून पाहू शकतो. सगळं आधीच कळलेल्या नायिकेकडून त्याला तेवढं मिळत नाही.

योगायोग असा, की शके १२१२, म्हणजे १२९०च, ज्ञानेश्वरीचं वर्ष. परंपरेने मानलेल्या जन्मसालांनुसार मुक्ताबाई तेव्हा अकरा वर्षांची होती. ताटीच्या अभंगांत ती लोकांच्या बोलण्याने दुखावून दार लावून बसलेल्या भावाला, ज्ञानेश्वराला, समजावते. ती त्याला लोक चूक आहेत एवढं सांगून थांबत नाही. योग्याने जगाचा राग कसा सोसावा, ही त्याचीच कसोटी त्याच्यापुढे ठेवते. धाकटी बहीण थोरल्याला जाब विचारते आहे, तोही त्यानेच पत्करलेल्या धर्माच्या बळावर. तिच्यावर किशोर कादंबरी लिहिणाऱ्याला एकविसाव्या शतकातून काही उसनं आणावं लागणार नाही.