आचार्याची करुणा

आचार्याचे पांडित्य लोकांना दिपविते. शिष्याला तारते ती त्याची करुणा. केशवराजसूरी संस्कृतात ग्रंथरचना करू इच्छीत होते, तेव्हा परिवारातील म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील म्हणून नागदेवाचार्यांनी त्यांना निवारिले. ‘स्मृतिस्थळा’तील हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो. पण पंडिताचा लौकिक सोडावयास लावणारी ती करुणा आपल्या आचारात उतरली काय? वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातील तांड्यांवरची पुष्कळ बालके घरी गोरमाटी बोलतात. शाळेत त्यांच्यापुढे आपली मराठीच संस्कृताच्या ठायी उभी राहते. त्यांच्या मौनाला मंदबुद्धी म्हणणारा गुरुजी पंडित असेल, आचार्य नव्हे. जो जवळ बसून त्यांची बोली आधी शिकतो, तोच नागदेवाचार्यांचा खरा वारस होय.